ह्यूम यांचे शेतकी खाते : राष्ट्रीय सभेच्या आधीची आठ वर्षे

तिफण

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातील एकच ओळ आठवते. १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, भरली आणि तिच्यामागे ह्यूम या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचा पुढाकार होता. या 'निवृत्त अधिकारी' शब्दांत तेहतीस वर्षांची नोकरी गुंडाळली जाते, आणि तिच्यातील सर्वांत कडू आठ वर्षे, म्हणजे १८७१ ते १८७९ हा शेतकी खात्याच्या सचिवपदाचा काळ, कोणी उघडून पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे की राजकारणी ह्यूम त्या खात्यात घडले. त्यांना राजकारणाकडे कोणी बोलावले नव्हते. शेतीसाठी सरकारकडून काही करवून घेता येत नाही हे आठ वर्षे टेबलाशी बसून पाहिल्यावर ते तिकडे वळले.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातील जहाल सुधारक. तरुणपणी कंपनीच्या फौजेत शल्यचिकित्सक असताना ते १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीत बुंदेलखंडात होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. मुलगा १८४९ साली हिंदुस्थानात आला, बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्ये रुजू झाला आणि आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्याचा कलेक्टर झाला. १८५७ च्या आरंभी त्या जिल्ह्यात १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी होते. त्यांत मुली फक्त दोन. पुढे काही महिन्यांतच उठाव झाला, ह्यूम यांना आग्र्याला माघार घ्यावी लागली, परत येऊन त्यांनी लढायाही केल्या. जिल्ह्यावर पुन्हा ताबा बसल्यावर त्यांनी शाळाही पुन्हा सुरू केल्या आणि १८५९ साली एक देशी भाषेतले वर्तमानपत्र काढायला हातभार लावला.

आता मुख्य विषय. १८६९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेले लॉर्ड मेयो आयर्लंडातील जमीनदार होते आणि शेती त्यांना स्वतःच्या हातांनी ठाऊक होती. इंग्लंडात चांगला जमीनदार आपल्या कुळांसाठी जे करतो ते हिंदुस्थानात सरकारनेच करायला हवे, कारण येथे सर्वांत मोठा जमीनदार सरकारच आहे, असा त्यांचा विचार होता. स्वतंत्र शेतकी खाते हवे ही मागणी मँचेस्टरच्या कापूसवाल्यांचीही होती. त्यांना लांब धाग्याचा स्वच्छ कापूस पाहिजे होता. आपल्या वऱ्हाडचा संबंध येथे येतो, कारण जलंब ते खामगाव हा कापसासाठी घातलेला छोटा लोहमार्ग १८७० साली खुद्द मेयो यांनीच सुरू केला होता.

मेयो यांच्या मनातील खाते मात्र लंडनला मान्य झाले नाही. त्यांना शेतीचे जाणकार हाताशी असलेले, शेतावर उतरून काम करणारे खाते हवे होते. जून १८७१ मध्ये जे प्रत्यक्षात आले त्याचे नावच 'महसूल, शेती आणि व्यापार' असे होते, आणि नावातील क्रमच कामाचा क्रम ठरला. ह्यूम त्याचे सचिव झाले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अंदमानात मेयो यांचा खून झाला आणि खात्याला वाली उरला नाही. सचिवापुढे शेतसाऱ्याची प्रकरणे येत, जकातीची येत, व्यापाराची येत, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर शेती. हाताशी ना प्रयोगाची शेते, ना शेतीचा जाणकार माणूस, ना पैसा.

१८७९ साली काटकसरीचे कारण सांगून लॉर्ड लिटन यांच्या सरकारने खातेच मोडले आणि ह्यूम यांची रवानगी अलाहाबादच्या रेव्हेन्यू बोर्डावर केली. त्यांचे पहिले चरित्रकार सर विल्यम वेडरबर्न सांगतात की ते फार प्रामाणिक आणि फार स्वतंत्र होते, हाच त्यांचा अपराध. त्याच वर्षी ह्यूम यांनी 'ॲग्रिकल्चरल रिफॉर्म इन इंडिया' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यातील एक चित्र माझ्या मनातून जात नाही. उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या जुन्या गावाच्या उंच पांढरीवर उभे राहून ते खाली पाहत आहेत. चहूकडे गव्हाचा समुद्र, मध्ये आमराईंची गडद हिरवी बेटे, आणि त्या कित्येक चौरस मैलांच्या गव्हात वीतभर उंचीचे तणही सापडणार नाही. तणाच्या बाबतीत येथील शेते युरोपातील शंभरांपैकी नव्व्याण्णव शेतांना लाज आणतील, असे ते लिहितात. कोणते पीक आणि त्याची कोणती जात कोणत्या दिवशी पेरावी हे येथील कुणब्याला नेमके कळते, तेव्हा त्याला नांगरट शिकवायला जाऊ नका, त्याला खत, पाणी आणि कर्जातून सुटका द्या, असा त्या पुस्तकाचा रोख आहे.

१८७९ साली एका इंग्रज सचिवाने हे लिहावे याचे मला आजही नवल वाटते. आपली मते वाचायला आवडतील.

मोडीवाचक

लेख आवडला. कर्जाचा मुद्दा आपण एका शब्दात उरकला आहे, त्यात थोडी भर घालतो, कारण त्याचा धागा थेट पुणे जिल्ह्यात येतो.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे आणि चोपड्या जाळल्या. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कितीतरी गावांत गेले. बहुतेक ठिकाणी मारहाण थोडी झाली आणि कागद मात्र नेमके शोधून जाळले गेले, कारण कुणब्याचा गळा आवळणारी वस्तू तो कागद होता. सावकार पूर्वीही होता, पण दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन जमीन विकायला लावणारा सावकार इंग्रजी अमलात आला.

ह्यूम यांनी नेमके हेच निदान केले. जमीन तारण ठेवून कर्ज काढण्याची रीत आम्ही आणली, आणि हिंदुस्थानात इंग्लंडची नक्कल उभी करण्याच्या आमच्या सद्हेतूच्या पण संकुचित हौसेने केलेल्या क्रूर घोडचुकांपैकी ही एक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय त्यांनी दोन सांगितले. पहिला असा की सहकारी पतपेढ्या उभ्या राहीपर्यंत सरकारने स्वतः शेतकऱ्यांसाठी पेढ्या चालवाव्यात. दुसरा असा की नेकीचे आणि शहाणे देशी गृहस्थ न्यायाधीश म्हणून नेमून त्यांना गावोगाव फिरवावे, आणि त्यांनी गावातील वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जागेवरच कर्जाचा निवाडा करावा.

आता गंमत पाहा. त्याच १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी मदत कायदा झाला, आणि त्या कायद्याखाली पुणे-सातारा भागात गावोगाव फिरून कामकाज पाहणारे न्यायाधीश होते महादेव गोविंद रानडे. हा कायदा ह्यूम यांच्या पुस्तकामुळे झाला असे मी म्हणणार नाही. त्याची तयारी दंगलीच्या चौकशी आयोगापासून चालू होती. पण सिमल्यात बसलेल्या माणसाने ज्या न्यायाधीशाची कल्पना केली तो आपल्याकडे खरोखरच तंबू घेऊन फिरत होता, आणि सहा वर्षांनी हे दोघे राष्ट्रीय सभेच्या निमित्ताने एकाच मंडपात आले.

आपण ज्यांचा उल्लेख केला ते वेडरबर्नही मुंबई इलाख्याचे मुलकी अधिकारी होते आणि पुण्यात न्यायाधीश राहिलेले होते. पुरंदर तालुक्यासाठी त्यांनी शेतकी बँकेची योजना मांडली होती. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने तिला अनुकूलता दाखवली, पण लंडनने परवानगी दिली नाही.

कोरडवाहू

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, शेती करणारा माणूस आहे, आणि आमचे गाव दौंडच्या बाजूला आहे. मला ह्यूम यांच्या पुस्तकातील खताचा भाग सर्वांत खरा वाटतो. शेण जाळले जाते म्हणून रान उपाशी राहते, आणि शेण जाळले जाते कारण सरपण नाही, तेव्हा कोरड्या मुलखातील प्रत्येक गावाजवळ सरपणासाठी झाडे लावा, अशी त्यांची सूचना होती. आमच्या आजीच्या हयातीत गोठ्याच्या भिंतीवर ओळीने थापलेल्या गोवऱ्या असत आणि पावसाळ्याआधी त्यांचा कलवड रचून वरून पाचटाने शाकारला जाई. त्या घरात उकिरड्याला किती शेण जायचे आणि चुलीला किती, हा वाद सासू-सुनेत नेहमीचा असे. जे ज्ञान आजीला भांडणातून मिळाले होते ते एका सचिवाने कागदावर लिहिले याबद्दल मी त्यांना मानतो.

पण एक शब्द खटकतो. अशी झाडी देशाच्या परंपरेला धरून आहे, लोकांना ती पटेल आणि 'थोडासा समंजस दबाव' आणला तर लोक सहकार्यही करतील, असे ते म्हणतात. हा दबाव कोण आणणार होते? त्याच काळात जंगल खात्याने गायराने आणि डोंगर बंद करून कुणब्याचे काय केले ते महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवले आहे. ते पुस्तक १८८३ चे, म्हणजे ह्यूम यांच्यानंतर चारच वर्षांचे. चराई गेली, जनावरे गेली, जनावरांबरोबर खत गेले. फुले यांचे निदानही खतापाशीच पोचते, पण ते खालून वर पाहत पोचतात. सिमल्यातून दिसणारे रान आणि बैलामागे चालताना दिसणारे रान यांत फरक असतो.

काटेकुंपण

या चर्चेत कोणी मिठाचे नाव का घेतले नाही? शेतकी खात्यात येण्यापूर्वी, १८६७ ते १८७०, हेच ह्यूम अंतर्गत जकात खात्याचे कमिशनर होते. मिठावरचा कर चुकू नये म्हणून देशाच्या मधोमध घातलेल्या कुंपणाचे ते मुख्य रखवालदार होते. सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची ती जकातरेषा होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे पहारा देत होती. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ अडवणारा माणूस गरिबांचा कैवारी कसा ठरतो, याचे उत्तर धागाकर्त्याने द्यावे.

तिफण

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. ह्यूम यांनी ते काम नुसते सांभाळले नाही, मन लावून केले. आधी ते कुंपण बरेचसे वाळक्या काट्यांचे होते. एका मैलाला सुमारे २५० टन काटेरी फांद्या लागतात, त्या कधी पाव मैलावरून तर कधी सहा मैलांवरून वाहून आणाव्या लागतात, आणि वाळवी, वणवा, वादळ यांनी त्या दरवर्षी जातात, असा हिशेब ह्यूम यांनीच मांडला. म्हणून जिवंत कुंपण हवे. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर, ज्या मातीत जे जगेल ते लावायचे. जेथे माती खारी किंवा खडकाळ तेथे चर खणून बाहेरून चांगली माती आणून भरायची, पावसाचे पाणी मुळांशी नेण्यासाठी चारी काढायच्या. वाचताना आपण एखाद्या फळबागेची टिपणे वाचत आहोत असे वाटते, आणि मग लक्षात येते की हे सगळे कशासाठी चालले आहे.

माणसात विसंगती होती हे मला मान्य आहे. दारूवरच्या उत्पन्नाबद्दल पापाची कमाई म्हणून वरिष्ठांना सुनावणारा हा अधिकारी मिठाच्या कराची भिंत मात्र उत्साहाने हिरवी करीत होता. फक्त एक नोंद करतो. जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून सांभर सरोवर भाड्याने घेऊन मीठ उगमापाशीच ताब्यात घ्यायचे, म्हणजे अशी रेषाच लागणार नाही, या व्यवहाराच्या वाटाघाटींत ह्यूम होते. ती रेषा १ एप्रिल १८७९ रोजी बंद झाली. त्याच वर्षी त्यांचे शेतकी खातेही बंद झाले. मीठकर मात्र चालूच राहिला, हे आपल्या बाजूने मांडून ठेवतो.

नदीकाठ

राष्ट्रीय सभा ही 'सुरक्षा झडप' होती, उठाव होऊ नये म्हणून सरकारच्या सांगण्यावरून ह्यूम यांनी ती काढली, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. मग आपल्या मांडणीचे काय होते?

मोडीवाचक

ही कथा ज्या सात गुप्त खंडांवर उभी आहे त्यांची हकिकत वेडरबर्न यांच्या १९१३ च्या चरित्रात येते. लिटन यांच्या कारकिर्दीच्या शेवटी ह्यूम यांना देशभरच्या असंतोषाच्या नोंदींचे सात जाड खंड दाखवण्यात आले, गोरगरीब उपाशी आणि हताश आहेत, काहीतरी भयंकर घडणार आहे, असे त्यांत होते, अशी ती हकिकत आहे. पुढे लाला लजपतराय यांनी आणि नंतर डाव्या अभ्यासकांनी तिच्यावरून सुरक्षा झडपेची मांडणी केली.

इतिहासकार बिपन चंद्र यांनी विचारलेला एक प्रश्न आपल्या विषयाशी नेमका जुळतो. ह्यूम होते महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव. गृहखात्याची किंवा पोलिसांची गुप्त कागदपत्रे त्यांच्या हाती येतीलच कशी? हे खंड पुराभिलेखागारात कोणालाही सापडलेले नाहीत. चरित्रातील मजकूर नीट वाचला तर ती माहिती गुरूंच्या चेल्यांकडून आल्याचे दिसते, आणि ह्यूम त्या काळात मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या आणि तिबेटातील अदृश्य महात्म्यांच्या पूर्ण प्रभावाखाली होते. त्यांच्या सिमल्याच्या घरी महात्म्यांची पत्रे 'प्रकट' होत असत. १८८३ पर्यंत त्यांचा तो भ्रम उतरला.

लोक उपाशी आहेत हे कळायला ह्यूम यांना कोणत्याही चेल्याची गरज नव्हती, असे मला वाटते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ते शेतकी खात्याचेच सचिव होते. दिल्लीला १ जानेवारी १८७७ चा दरबार भरला तेव्हा मद्रास इलाख्यात आणि आपल्या दख्खनमध्ये माणसे मरत होती.

तिफण

मोडीवाचक यांनी माझे काम हलके केले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने शेतकी खाते पुन्हा उभारा अशी शिफारस केली आणि १८८१ मध्ये ते उभारलेही गेले, पण ह्यूम यांना परत बोलावले गेले नाही. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. १ मार्च १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना ते प्रसिद्ध पत्र लिहिले आणि निःस्वार्थी अशी पन्नास माणसे मागितली. आठ वर्षे फायली वर पाठवून काही हलले नाही, तेव्हा हलवणारी माणसे बाहेरून शोधायची, असा त्या पत्राचा अर्थ मी लावतो.

पक्ष्यांचा उल्लेख येथे विषयांतर वाटेल, पण तो करायला हवा. खात्यात असतानाच, १८७२ पासून, ते 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवत होते. देशभरचे हौशी अधिकारी त्यांना निरीक्षणे आणि नमुने पाठवत. ह्यूम सगळ्यांना उत्तरे देत, चुका काढत, पुन्हा लिहायला लावत. पंचवीस वर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते घरातून कोणीतरी रद्दीत विकली, तेव्हा ते खचले, आणि १८८५ मध्ये त्यांनी आपला सारा संग्रह, सुमारे ८२,००० नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षी राष्ट्रीय सभा भरली. गावोगावच्या अनोळखी माणसांना पत्रे लिहून त्यांच्याकडून नियमित माहिती काढून घेण्याची जी सवय पक्ष्यांनी लावली होती तीच आता सभेच्या उपयोगी पडली.

अधिवेशन खरे तर पुण्यात, २५ ते ३१ डिसेंबरला, पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत व्हायचे होते आणि सार्वजनिक सभेने तयारीही केली होती. पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. २८ डिसेंबर १८८५ रोजी तेथे ७२ प्रतिनिधी जमले.

कोरडवाहू

त्या ७२ जणांत बैलामागे चाललेला एक तरी होता का? वकील, संपादक आणि व्यापारी यांचीच ती सभा. सार्वजनिक सभा आणि राष्ट्रीय सभा शूद्रादि अतिशूद्रांच्या वतीने बोलू शकत नाहीत, हे फुले यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितले होते. शेतकी खात्याच्या अनुभवातून राजकारण जन्मले असे आपण म्हणता, मग त्या राजकारणात शेतकरी का नाही?

तिफण

नव्हता, आणि हे ह्यूम यांनाही टोचत होते असे पुढच्या वर्षांवरून दिसते. १८८७ च्या सुमारास त्यांनी एक पत्रक लिहिले. मौलवी फरीदुद्दीन आणि कंबख्तपूर गावचा रामबक्ष यांचा संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. गावाचे नावच पुरेसे बोलके आहे. धनी दूर राहतो, त्याचे कारभारी गाव नागवतात, धन्याला काही कळत नाही, आणि मौलवी विचारतो की मग गावकऱ्यांनीच पंच निवडून कारभार का पाहू नये? हिंदुस्थान आणि लंडन यांचे नाते रामबक्षाला समजेल अशा शेतसाऱ्याच्या आणि कारभाऱ्यांच्या भाषेत सांगण्याची ती युक्ती होती. पत्रकाची अनेक देशी भाषांत भाषांतरे झाली. परदेशी धान्यावर जकात लावणाऱ्या इंग्लंडातील धान्यकायद्यांविरुद्ध जशी चळवळ झाली तशी येथे करायची, असे ह्यूम उघड म्हणत.

सरकारला अधिवेशनातील ठरावांपेक्षा हे पत्रक जास्त झोंबले. १८८८ मध्ये वायव्य प्रांताचे (आजच्या उत्तर प्रदेशाचे) लेफ्टनंट गव्हर्नर सर ऑकलंड कॉल्व्हिन यांनी जाहीर पत्राने ह्यूम यांना फटकारले, आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी सभेला मूठभरांची सभा म्हणून हिणवले. विरोधाभास असा की शेतकऱ्यांपर्यंत जाऊ पाहणारा माणूस सभेच्या नेत्यांनाही अवघड वाटू लागला. १८९२ मध्ये त्यांनी एका परिपत्रकात लिहिले की दारिद्र्य असेच राहिले तर शेतकऱ्यांचा भयंकर उठाव होईल. ते बाहेर फुटले, मोठा गहजब झाला आणि सभेतील मंडळींनीच हात झटकले. १८९४ मध्ये ह्यूम इंग्लंडला परतले.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की शेतकरी त्यांच्या लिखाणात होता, मंडपात आणता आला नाही.

कोरडवाहू

उत्तर पटले असे म्हणत नाही, पण प्रामाणिक वाटले. रामबक्षाचे पत्रक मराठीत कोणी आणले असेल तर ते वाचायची इच्छा आहे. फुले यांच्या 'असूडा'शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

मोडीवाचक

जाता जाता शेवटची एक नोंद. इंग्लंडात गेल्यावर ह्यूम लिबरल पक्षाच्या स्थानिक कामात होते आणि राष्ट्रीय सभेच्या लंडनमधील समितीसाठीही राबत होते, पण हातात पुन्हा झाडेझुडपे आली. १९१० मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने दक्षिण लंडनमध्ये सामान्य माणसांना वनस्पतिशास्त्र शिकता यावे म्हणून एक संस्था काढली. नॉर्वुड रोडवरच्या घरात ती आजही चालू आहे आणि तिच्या कपाटांत वाळवून चिकटवलेल्या रानरोपांचे हजारो कागद आहेत. ज्याने इटाव्याकडच्या गव्हात तण नाही म्हणून कुणब्याची पाठ थोपटली, तोच म्हातारपणी इंग्लंडच्या बांधावरची रानटी रोपे वेचून प्रत्येकाला नाव लिहीत होता. ३१ जुलै १९१२ रोजी ते वारले.